राखाडी चौकोन आणि बेपत्ता मंडळी

लग्नाचे फोटो काढणाऱ्यांकडे फोटो किती साठतात ते सोडा, किस्से त्याहून जास्त साठतात! फोटोंना निदान हार्ड डिस्क असते. किस्से डोक्यात पडून राहतात आणि चार माणसं चहाला जमली की आपोआप बाहेर येतात.

राजारामपुरीतल्या आमच्या स्टुडिओत आम्ही तिघं. मालक आण्णा, फोटोग्राफर सलीमभाई आणि अल्बम बनवणारी मी. फोटो सांभाळायला एक सॉफ्टवेअर आहे. पण त्याच्याकडे फोटो नसतात, फोटोचा फक्त पत्ता असतो. त्या पत्त्यावर फोटो सापडला नाही की ते राखाडी चौकोन दाखवतं आणि त्यात एक प्रश्नचिन्ह. त्या प्रश्नचिन्हाचा मला भयंकर राग येतो. ते हटेपर्यंत मी जागची उठत नाही. आण्णांचं एकच म्हणणं, "जातोय कुठं? आसंल की हितंच!"

*

एका दिवाळीला आण्णांनी घरासोबत स्टुडिओही झाडून काढला. सकाळी मी कॉम्प्युटर लावला, तर सगळी लग्नं राखाडी! एकही नवरी जागेवर नाही.

"आण्णा, कॉम्प्युटरला हात लावलात?"

"साफसफाई केली की! फोल्डरांस्नी चांगली नावं दिली, ओळीनं लावली. किती पसारा केलतास गं!"

एकेका फोल्डरचा नवा पत्ता सॉफ्टवेअरला सांगण्यात माझी दिवाळी गेली. फराळ तेवढा आण्णांच्या घरून आला.

*

पावसाळ्यात एकदा अख्खी डिस्कच गायब. सलीमभाईंना फोन केला, तर म्हणाले, "ओल लागू नये म्हणून तांदळाच्या डब्यात ठेवलीय."

मी थेट त्यांच्या घरी. भाभी म्हणाल्या, "डबा रिकामा हाय. पावणं आलेत, समदा तांदूळ बिर्याणीला घेतला."

मी तरीही डब्यात डोकावून बघितलं. "आणि डिस्क?"

"ती व्हय? तांदूळ निवडताना काढून ठेवली की. खड्यांसंगं!"

*

चंदगडचे एक पाहुणे, नवऱ्या मुलाचे मामा. "मला कॉम्प्युटरातलं समदं येतंय," म्हणत त्यांनी स्वतःच पेन ड्राइव्हवर लग्न कॉपी करून घेतलं. घरी सगळं खानदान टीव्हीसमोर बसवलं आणि काहीच दिसेना! एसटीनं परत आले ते भांडायच्या तयारीनंच. त्यांनी सॉफ्टवेअरची नोंद तेवढी नेली होती, फोटो नव्हतेच.

आण्णा शांतपणे म्हणाले, "मामा, पत्ता घिऊन गेलासा, माणसं हितंच ऱ्हायली."

*

कबनूरच्या एका यंत्रमाग कारखानदारांचा फोन आला. "म्याडम, घरच्या कॉम्प्युटरात समदे फोटो हायेत, फकस्त बायको गायब!"

गेले. बघते तर साहेबांनी 'स्टार दिलेले फोटोच दाखव' असं करून ठेवलेलं. स्टार नव्या मागाला, नव्या गाडीला, म्हशीला. मी ते बंद केलं, तशा वहिनी पानोपानी प्रकट झाल्या.

वहिनी मागंच उभ्या होत्या. "म्हंजे म्हशीला पाच स्टार, आन् मला एक बी न्हाय व्हय?"

मी चहा न घेताच निघाले.

*

शाहूवाडीकडच्या एका मावशी मुलाला घेऊन आल्या. नवरा गेला होता. उत्तरकार्याला हार घालायला फोटो हवा होता आणि घरात एकही नव्हता. काकांना फोटो काढून घ्यायचा भलताच कंटाळा. मुलगा म्हणाला, "आधार कार्डावरचा मोठा करू." मावशी म्हणाल्या, "त्यो कोण बाबा हाय मला ठावं न्हाय."

त्यांच्या लेकीचं लग्न आमच्याकडे होतं. उघडलं. सगळीकडे काकांची पाठ! एके ठिकाणी मात्र राखाडी चौकोन, त्यात प्रश्नचिन्ह. सलीमभाई म्हणाले, "हाच! पंगतीत मी त्यांना गाठलं होतं."

मग आम्ही इरेला पेटलो. फोटोचा नंबर घेऊन एकेक डिस्क उपसली. आण्णांनी दारावर 'बंद'ची पाटी लावली. मावशींना घरी जा म्हटलं तर हलेनात. शेवटी आण्णांनाच आठवलं. फसलेले फोटो ते पुसत नाहीत, 'डोळं झाकल्याली' नावाच्या फोल्डरात टाकतात. तिथं काका सापडले!

पण कसे? तोंडात घास, गाल फुगलेला, हसू दाबलेलं आणि एक हात पुढं करून कॅमेऱ्याला हाकलतायत. मला रडू आलं. एवढं करून हा फोटो!

आण्णा हळूच म्हणाले, "मावशी, काळजी करू नगा. घास काढतो, हात काढतो, डोक्याला फेटा बांधतो. रुबाबदार करून देतो."

मावशी खुर्ची ओढून स्क्रीनजवळ सरकल्या. मग पदरानं डोळे पुसून म्हणाल्या, "फेटा नगं. हात ऱ्हाऊ द्या. जल्मभर मला असंच म्हणायचं, 'माझ्याकडं काय बघतीस, तू आधी जेव जा!'"

मुलगा म्हणाला, "आये, लोक हसतील."

"हसू देत की! हार घालाय येतील, तवा त्यास्नी बी त्यो जेवायलाच धाडंल."