भिंतीला हात लावून बघणं

आर्किटेक्ट म्हणून स्वतःच्या जबाबदारीवर केलेलं माझं पहिलं दुरुस्तीचं काम पौडच्या पुढच्या एका गावात होतं. थोडी भातशेती आणि वीसेक शेळ्या असलेलं कुटुंब. नवरा पिरंगुटच्या एका कारखान्यात पाळीवर जायचा. घर, शेळ्या आणि म्हाताऱ्या सासूबाई हे सगळं बाईंकडे. घराचं जोतं दगडी, त्यावर मातीच्या जाड भिंती, आणि लाकडी खांबांवर कौलांचं छप्पर. दर पावसाळ्यात मागच्या भिंतीचं लिंपण सुटायचं आणि दिवाळीच्या आत बाई ते पुन्हा करायच्या. त्या कामाचा त्यांना कंटाळा आला होता. तेवढीच त्यांची तक्रार होती.

मी एप्रिलमधल्या एका दुपारी टेप घेऊन गेले. मापं घेतली, फोटो काढले आणि दोन तासांत परत फिरले. मागच्या भिंतीला जाळी ठोकून बाहेरून सिमेंटचा गिलावा करायचा, असं ठरवलं. गावातल्या एका म्हाताऱ्या गवंड्याला काम दिलं होतं. त्याने विचारलं, आत माती आणि वरनं सिमेंट, दोघांचं जमायचं का? मी त्याला समजावलं, म्हणजे खरं तर गप्प केलं. भिंत दिसायला झकास झाली. तिचा फोटो दाखवून मला पुढची दोन कामं मिळाली.

तिसऱ्या पावसाळ्यात नवऱ्याचा फोन आला. "म्याडम, भितीला प्वाट सुटलंय." भिंत बाहेर फुगली होती. मी रविवारी येते म्हणाले. त्याच दिवशी बाईंनी भिंतीजवळची सासूबाईंची खाट उचलून पडवीत आणली. दुसऱ्या दिवशी दुपारी भिंत बसली. कुणाला काही लागलं नाही.

रविवारची वाट न बघता मी गेले. पाऊस चालूच होता. छप्पर खांबांवर जागच्या जागी होतं आणि त्याखाली भिंतीऐवजी सरळ डोंगर दिसत होता. सिमेंटचा पापुद्रा जाळीसकट आडवा पडलेला, आणि त्याच्या आतली माती मळलेल्या कणकेसारखी मऊ. डोंगरावरचं पाणी जोत्याला लागून मातीत चढत होतं. पूर्वी ते लिंपणातून उडून जायचं. मी त्या पाण्याची बाहेर जायची वाटच बंद केली होती.

बाईंनी चहा केला. मी त्यांना म्हणाले, मावशी, चूक माझी आहे. त्यांनी मान हलवली. खाट हलवायचं कसं सुचलं, असं मी विचारलं. त्या म्हणाल्या, "झाडताना रोज हात लागतोय तिला. गिलावा केला त्या वर्सापासनंच गार लागत हुती. तुमी इचारलं न्हाई, आमी सांगितलं न्हाई."

त्यांच्या आवाजात राग नव्हता, म्हणून मला जास्तच लागलं. कॉलेजात आम्हाला ओल मोजायचं यंत्र दाखवलं होतं. ज्या घरात त्या पंचवीस वर्षं हात फिरवत होत्या, तिथे मी दोन तास थांबले होते.

भिंत पुन्हा उभी केली तेव्हा मी त्या गवंड्यालाच विचारत गेले. आधी घरामागे चर खणून डोंगराचं पाणी बाजूला वळवलं. कमरेपर्यंत दगड, वर माती, त्यावर चुन्याचा गिलावा. मागचं छप्पर दोन फूट पुढे काढलं, म्हणजे पागोळ्या भिंतीपासून लांब पडतील. ते गवंडीबाबा मला एकदाही म्हणाले नाहीत की, मी सांगितलं होतं. जुन्या घराला हात लावायचा तर आधी त्याचं पाणी कुठून येतं आणि कुठे जातं ते बघायचं, हे मी तिथे शिकले. घर सुंदर आहे की नाही, हे त्यानंतर.

काही वर्षांनी त्याच घरातून पुन्हा बोलावणं आलं. मुलाचं लग्न ठरलं होतं, शेजारी दोन नव्या खोल्या आणि स्वयंपाकघर बांधायचं होतं. मला वाटलं नव्हतं ते मलाच बोलावतील. बाईंनी एकच अट घातली, "या वक्ताला पावसात या."

श्रावणात मी अख्खा दिवस त्यांच्या पडवीत बसले. कागद बाहेर काढलाच नाही. पाऊस कुठल्या बाजूने आत मारतो ते बघितलं. चुलीपासून उठून बाई दर थोड्या वेळाने दाराशी जायच्या, शेळ्यांवर नजर टाकायच्या आणि परत यायच्या. ओले कपडे घरभर दोऱ्यांवर लटकत होते. नव्या स्वयंपाकघराची खिडकी मी गोठ्याकडे काढली, आणि बाईंना ओट्याशी उभं राहून शेळ्या दिसतील इतकी खाली घेतली.

छपरावरून मात्र मुलाशी वाद झाला. त्याचे मित्र मारुंजीला राहायचे, तिथल्या इमारती त्याने पाहिल्या होत्या. त्याला स्लॅब हवा होता, वर गच्ची हवी होती. मी म्हणाले, मुळशीच्या पावसात उतरतं छप्परच टिकतं. तो शांतपणे म्हणाला, "म्याडम, तुमी सोता स्लॅबखालीच ऱ्हाता ना?"

मी कोथरूडला फ्लॅटमध्ये राहते. शेवटी स्लॅब केला, त्याला नीट उतार दिला, पाणी जायला मोठे पाइप ठेवले.

दोन पावसाळे गेल्यावर त्यांनी गच्चीवर लोखंडी पाइप उभे करून पत्रे टाकले. मी बघायला गेले तेव्हा मनात होतं, की आता म्हणावं, सांगितलं होतं ना. वर गेले तर पत्र्याखाली कपडे वाळत होते, एका कोपऱ्यात शेळ्यांसाठी सुकं गवत रचलं होतं आणि बाई मोकळ्या वाऱ्यात नाचणी निवडत बसल्या होत्या. घरातल्या दोऱ्या गेल्या होत्या.

"लई बरं झालं हे," त्या म्हणाल्या.

मी सुपातली मूठभर नाचणी घेऊन त्यांच्याशेजारी निवडायला बसले. आता या भागात कुणी गच्ची मागितली, तर मी पत्र्यांसाठीचे खांब पहिल्याच नकाशात दाखवते. काही जणांना ते आवडत नाही. मग मी त्यांना पाऊस सुरू झाला की बोलवा, असं सांगते.