चरबीचा पहिला वास

आमच्या पाड्यावर डुक्कर कापलं की पहिला तुकडा कुणाच्या पिशवीत जात नाही. पाठीवरची बोटभर चरबी तापल्या तव्यावर टाकायची. मीठ नाही, मसाला नाही. ती सुटायला लागली की आधी मालकाने वाकून वास घ्यायचा. मालक ‘बेस’ म्हणाला की मग गिऱ्हाईक वाकतं, आणि दोघांचं जमलं तरच सौदा. बाहेरच्याला हे नाटक वाटतं. वाटू दे. आम्ही तोंडात टाकायच्या आधी नाकाला विचारतो, एवढंच.

माझा धाकटा भाऊ हा वास घ्यायचा तेव्हा बघत राहावं. डोळे मिटायचा, छाती भरून श्वास ओढायचा, क्षणभर थांबायचा आणि मग सावकाश मान हलवून ‘बेस’ म्हणायचा. देवापुढे उभा राहूनही त्याने कधी एवढे डोळे मिटले नसतील. बापही असाच वास घ्यायचा, म्हणून लोकांना कौतुक. मलाही होतं, खोटं कशाला बोलू?

डुकरं त्याने उशिरा धरली. त्याआधी कितीतरी वर्षं तो हद्दीपलीकडे, गुजरातच्या बाजूला एका रंगाच्या कारखान्यात होता. घरी यायचा तेव्हा थुंकी रंगीत पडायची. खोकला एवढा, की पाड्यावरची कुत्री भुंकायला लागायची. शेवटी सोडलं एकदाचं. तलासरीच्या आमच्या पाड्यावर घरामागे विटांचा गोठा बांधला आणि डुकरं आणली. ही चालली तर ठीक, नाही तर पुन्हा कारखान्याचं गेट, हे त्यालाही ठाऊक होतं आणि आम्हालाही. भावजय तेव्हा पोटुशी होती. नवरा पुन्हा त्या गेटात जाऊ नये म्हणून तिने महालक्ष्मीला नवस बोलला होता.

मी चारोटीला खानावळ चालवते, हायवेपासून जरा आत. रविवारी डुकराचं मटण, आणि ते भावाच्याच गोठ्यातलं. मटण खाणाऱ्यांच्या जिभा मी एवढ्या वर्षांत ओळखून आहे. आमच्या पाड्यांवरचा माणूस चरबी मागतो. चरबी नको तर डुक्कर कशाला, कोंबडी खा म्हणतो. कारखान्यांतली आसामकडची पोरं कातडीसकट मागतात. मुंबईच्या गाडीतून उतरणारे मात्र चरबी बघून असं तोंड करतात, जणू मी त्यांच्याच अंगावरची दाखवली. मी कुणाशी वाद घालत नाही. जीभ ज्याची त्याची. पण वासाच्या बाबतीत सगळे एक होतात. वास बिघडला की कुणीच खात नाही.

नोटाबंदीच्या पुढच्या वर्षीची गोष्ट. पावसाळा संपला होता. एका रविवारी एक नेहमीचा ट्रकवाला ताट सरकवून म्हणाला, “मावशी, आज मासळी आणि डुक्कर एकाच पातेल्यात शिजवलंत काय?”

माझ्या पातेल्याला कुणी बोल लावला की माझं डोकं फिरतं. “पातेली वेगळी आहेत बाबा, तुझंच नाक धुऊन घे,” म्हणाले. पण तो उठून गेल्यावर बघते तर बाकीच्या ताटांतही फोडी तशाच पडलेल्या. एक फोड तोंडात टाकली. अगंबाई! मटण मऊ, पण चरबी पिवळट, तेलासारखी, आणि घशाशी चक्क वाळल्या बोंबलाचा वास. मसाला माझाच होता, त्यात दोष नव्हता. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? दुपारीच खानावळ बंद केली आणि तलासरीची जीप पकडली.

गोठ्यापाशी पोचले आणि न विचारताच सगळं कळलं. किनाऱ्यावरच्या नरपडहून आलेला टेम्पो उभा होता आणि भाऊ त्यातून टोपल्या उतरवत होता. माशांची डोकी, आतडी, वाळवणातली किडकी मासळी. चिकूवाले हीच मासळी खत म्हणून झाडांच्या बुंध्यात घालतात. याने ती डुकरांच्या पुढ्यात घातली होती. गिरणीतला कोंडा काही दिवस मिळेनासा झाला तेव्हा टेम्पोवाल्याने सुचवलं, आणि डुकरंही अशी फुगली, की भाऊ हरखून गेला. मासळीवर डुक्कर वाढतं, यात खोटं काहीच नाही. पण ते जे खातं तेच त्याच्या चरबीत जाऊन बसतं.

“मटणाला मासळीचा वास मारतोय,” मी म्हटलं.

“काहीतरीच काय बाय! मी स्वतः वास घेतला. बेस होतं.”

“बेस? माझी ताटं परत येतायत रे!”

“मग तुझ्या खानावळीचं बघ. डुक्कर माझं आहे, मला कळतं.”

उचलली जीभ लावली टाळ्याला! मोठ्या बहिणीशी तो असं कधी बोलला नव्हता. मीही ऐकून घेणारी नव्हे. टेम्पोवाल्यासमोर आमची अशी जुंपली, की बिचारा टोपल्या तिथेच ठेवून निघून गेला.

नाताळाच्या आधी वसईचे अंकल यायचे. म्हातारा माणूस, तोलून मापून बोलणारा. त्यांच्या घरी सॉसेज करतात, विंदालू करतात, आणि नातेवाइकांचंही मटण तेच नेतात. भावाच्या गोठ्याचं वर्ष त्यांच्यावर निघायचं. त्या वर्षीही एका रविवारी ते आले, डुक्कर कापलं, तवा तापला. मी मुद्दाम गेले होते. चरबी सुटायला लागली आणि मी पदर नाकाला लावला. भाऊ वाकला, डोळे मिटले, श्वास ओढला. “बेस,” म्हणाला.

अंकल वाकले. पुन्हा वाकले. मग चरबी दोन बोटांत धरून बघितली. बोटं तेलकट झाली. रुमालाला पुसत ते हळूच म्हणाले, “या वेळी राहू दे. मी फोन करतो.”

फोन येणार नाही, हे चुलीपाशी बसलेल्या भावजयीलाही कळलं. कारखान्याच्या मुकादमाने आदल्याच आठवड्यात निरोप पाठवला होता, जागा आहे, येतोस का. ती रडत रडत चहा करायला बसली. पोर मांडीवर, लक्ष कुठेच नाही, दूध खाली लागलं आणि घरभर करपट वास भरला. तसाच तिने चहा गाळला. मी एक घोट घेतला आणि कप खाली ठेवला. तिने तोंडाला लावला आणि लाजून म्हणाली, “राहू द्या बाय, दुसरा टाकते.”

भावाने मात्र कप रिकामा केला. मान सावकाश हलवली आणि म्हणाला, “बेस झालाय.”

तीच मान, तोच शब्द. भावजयीला मी पोर घेऊन बाहेर पाठवलं आणि त्याच्यासमोर बसले.

“तुला वास येत नाही,” मी म्हटलं.

तो हळूच म्हणाला, “कारखान्यात शेवटच्या वर्षी सगळ्याला लोखंडाचा वास यायला लागला. भाताला, पाण्याला. नंतर तोही गेला.”

“अरे मग बोलायचं नाही का?”

“कुणाला सांगू? डुकरंवाल्याला नाक नाही म्हटल्यावर तव्यापाशी कोण उभं राहील? बापासारखे डोळे मिटायचे आणि बेस म्हणायचं. मटण चांगलं असायचं तोवर निभलं.”

“आणि हिला?”

“हिला काय सांगू, बाय? पोर झाली तेव्हा सुईण म्हणाली, टाळूचा वास घे, नशीबवान आहेस. मी नाक लावलं. काही नाही. तरी हसलो.”

मी रडणाऱ्यातली नाही. त्या दिवशी रडले. त्या कारखान्याला शिव्या दिल्या, मुकादमाला दिल्या, याला पण दिल्या. दुखणं एवढं अंगावर काढतात का कुणी? मग डोळे पुसले आणि भावजयीला आत बोलावून सगळं सांगितलं. तो नको नको म्हणत होता. पण दोघींची नाकं धड असताना एकाने खोटं का जगायचं? भावजयीने त्याच्या हातातला रिकामा कप घेतला, हुंगला आणि पुन्हा रडायला लागली.

जनावरांच्या डॉक्टरला विचारलं. तो म्हणाला, मासळी पिल्लांना थोडी चालते. कापायच्या जनावराला काही महिने आधीच बंद करा, कोंडा, कणी, कंदमुळं द्या, चरबी घट्ट आणि पांढरी येईल. माझ्या खानावळीतलं खरकटंही फार तेलकट असतं, तेही जपून द्यायला सांगितलं. मी मुकाट्याने खरकटं गाळून, उकळून पाठवायला लागले.

नरपडचा टेम्पो मात्र येतच राहिला, फक्त माल बदलला. टेम्पोवाल्याची तिथल्या एका चिकूच्या वाडीत ओळख होती. वाडीच्या मालकिणीशी मी बोलून ठेवलं: मासळी तुमच्या बुंध्यात घाला, आणि पडलेले, चिरलेले चिकू आम्हाला द्या. ती हसून म्हणाली, “माझे चिकू डुकरांना? बरं, न्या.” कधी टोपलीतले चिकू आंबलेले निघायचे. ते खाऊन डुकरं अशी झिंगायची, की भावजय हसून हसून भिंतीला टेकायची. त्या घरात हसू फार दिवसांनी ऐकलं. मुकादमाचे निरोप येत होते. भाऊ दर वेळी सांगायचा, नाताळ होऊ दे, मग बघू.

पुढच्या वर्षीचा नाताळ जवळ आला तसा अंकलना मी फोन केला, चार वेळा. शेवटी म्हणाले, येतो, पण वास बघूनच.

आले. पाड्यावरची माणसंही जमली होती. तवा तापला, चरबी पडली. ती तडतडली, पांढरीच राहिली. सगळे भावाकडे बघत होते, कारण आधी मालक. तो तव्याकडे गेला, वाकला नाही. सरळ उभा राहिला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, “अंकल, मला वास येत नाही. कारखान्यात गेला. गेल्या वर्षी मी तुम्हाला खोटं बेस म्हणालो. या घराचा वास आता माझी बायको घेते.”

भावजयीने पदर खोचला, पुढे झाली आणि वाकली. बाईमाणसाने पहिला वास घेतलेला पाड्यावर कुणी पाहिला नव्हता. एका म्हाताऱ्याने तोंड उघडलं, तर मी त्याच्याकडे असं बघितलं, की त्याने ते मिटून घेतलं. “बेस आहे,” ती म्हणाली.

अंकल वाकले. बराच वेळ तसेच राहिले. मग त्यांनी तो तुकडाच उचलला, फुंकर घालून तोंडात टाकला आणि म्हणाले, “मागच्या वर्षी नेलं नाही, तेही यंदा धरा.”

मुकादमाला त्या दिवशी नाहीचा निरोप गेला.

संध्याकाळी सगळं आवरल्यावर भाऊ ओट्यावर बसला होता. पोर त्याच्या मांडीवर पेंगत होती.

“बाय,” तो म्हणाला, “एक सांगशील? हिच्या टाळूचा वास कसा येतो?”

मी पोरीला उचललं आणि केसांत नाक घातलं.

“खोबरेल,” मी म्हटलं. “घाम. थोडा धूर. आणि कोंडा.”

“कोंडा?”

“मग? दिवसभर तुझ्या मांडीवर असते ना.”

त्याने पोर परत घेतली. तिच्या टाळूला नाक लावलं, डोळे मिटले आणि सावकाश मान हलवली.

“बेस,” तो म्हणाला.