घरात ताप आहे का?

मुलांनो, गेल्या वर्षी तिकडे परदेशात तुमच्याकडे गॅसचा बॉयलर काढून भिंतीबाहेर पंख्याची पेटी बसवली, तेव्हा तुम्ही मला ती फोनवर दाखवली होती. बाहेरच्या गार हवेतली ऊब ती ओढून घेते आणि घरात सोडते, असं तुम्ही समजावलंत. मला तेव्हा ते फारसं पटलं नव्हतं. तशीच एक पेटी, आकाराने लहान, आता वडगाव निंबाळकरला आक्कांच्या न्हाणीशेजारी आहे. ती तिथे कशी पोचली, ते क्रमाने सांगते.

आक्का म्हणजे माझ्या थोरल्या जाऊबाई. तुमच्या आजोबांबरोबर मी बारामतीला आले आणि कॉलेजात इंग्रजी शिकवू लागले. आक्का शेतावरच्या घरात राहिल्या. तिथे सगळ्यांच्या अंघोळीचं पाणी तांब्याच्या बंबात तापतं. बंब म्हणजे उभी टाकी, मधोमध जाळाची नळी. त्या नळीत चिपाडं, तुराट्या, गोवरीचे तुकडे टाकत राहायचं. हे काम आक्कांनी लग्न होऊन आल्यापासून दुसऱ्या कुणाला करू दिलं नाही. अलीकडे मात्र त्यांना धाप लागते. धुराजवळ बसायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं. गिझर लावून पाहिला, पण पहाटे वीज गेली की पुन्हा बंबच. सून पुढे झाली की आक्का म्हणायच्या, "सर बाजूला, तू नुसता धूर करतीस." आणि स्वतः खोकत बसायच्या.

त्याच सुमारास, घरात ऊब मिळवण्यासाठी जे जळण लागतं ते कमी कसं करायचं, यावरच्या संशोधनाला सरकार पैसे देणार होतं. कुठल्या कामाला आधी द्यायचे हे ठरवायला एक समिती नेमली होती. त्या समितीसाठी पुण्याची एक संशोधक मुलगी गावोगाव फिरत होती. ती वडगावला आली त्या दिवशी मी आक्कांकडेच होते. ओसरीवर शेजारच्या बायका जमल्या. मुलीने मोबाइलवरून वाचलं, "आपल्या घरात तापाची काय व्यवस्था आहे?"

"ताप?" एक शेजारीण म्हणाली. "आता कुणालाच न्हाय बघा. मागल्या महिन्यात नातीला आलता."

"आमच्यात हाय की," दुसरी म्हणाली. "सासरा. दिसभर डोक्याला ताप."

हसणं थांबेपर्यंत मुलगी थांबली. मग म्हणाली, "तसं नाही हो. घर तापवायला काय वापरता?"

"घर तापवायला?" आक्का म्हणाल्या. "चैतात ये, बाई. फुकट तापतंय."

मुलीने 'काही नाही' अशी नोंद केली आणि पुढचा प्रश्न काढला. मला राहवेना. आधीच्या गावांतही हेच उत्तर मिळालं असणार, आणि या भागात उबेचा प्रश्नच नाही असं समिती खुशाल धरून चालणार. मूळ इंग्रजी प्रश्न मी बघायला मागितला. तो थंड देशातल्या 'होम हीटिंग'चा होता, जसाच्या तसा मराठीत ओढलेला. मी म्हटलं, "बाळ, अंघोळीचं पाणी कशावर तापवता, असं विचार."

तिने विचारलं आणि सगळ्या एकदम बोलू लागल्या. कुणाच्या तुराट्या पावसात भिजल्या होत्या, कुणाचा नवरा गार पाणी म्हटलं की रुसून बसायचा. आक्का बंब दाखवायला उठल्या. ओसरीपासून न्हाणी काही लांब नाही, तरी त्या वाटेत भिंतीला धरून उभ्या राहिल्या. मुलीने मोबाइल खाली ठेवला.

पुढच्याच आठवड्यात समितीतल्या एका साहेबांना घेऊन ती सकाळी लवकर आली. साहेब सौम्य स्वभावाचे होते. मला म्हणाले, "मॅडम, आमचा पहिला विषय डोंगरातल्या थंड भागातली घरं हा आहे. अंघोळीचं पाणी त्यात बसत नाही."

"बसत न्हाय तर उभं ऱ्हाऊ द्या, साहेब," आक्का म्हणाल्या. "पर आत तरी या."

बंब नुकताच पेटवला होता. साहेब न्हाणीत वाकून गेले आणि लगेच डोळे पुसत बाहेर आले. "हे रोज?"

"रोज एकदा. दिवाळीला दोनदा," आक्का म्हणाल्या आणि त्यांना खोकला आला.

पहिला क्रम डोंगरी भागालाच राहिला, आणि मला ते योग्य वाटलं. तिकडे माणसं दारं-खिडक्या लावून शेगडीजवळ हिवाळा काढतात. अंघोळीचं पाणी दुसऱ्या क्रमावर आलं. त्यातून एका हिवाळ्यापुरते पैसे मिळाले आणि वडगावातल्या काही घरांत चाचणीसाठी ही पेटी बसली. दिवसा वीज असते तेव्हा ती पाणी तापवते, आणि जाड आवरणाच्या टाकीत ते पहाटेपर्यंत कढत राहतं. पुढच्या हिवाळ्याचं अजून ठरलेलं नाही.

पहिल्या पहाटे मी मुद्दाम तिथे मुक्कामाला होते. आक्का नेहमीच्या वेळेला उठल्या, न्हाणीत गेल्या, नळाखाली हात धरला आणि चटकन मागे घेतला.

"मग आता मी काय करू?" त्यांनी मला विचारलं.

"झोपा."

"उजाडाय लागलं की गं."

तरी गेल्या. चांगलं ऊन वर आलं तरी उठल्या नाहीत, तशी सून घाबरली आणि त्यांच्या छातीवर हात ठेवून बघून आली. मला हळूच म्हणाली, "घोरत्यात."