मोहाच्या चिंध्या

चंद्रपूरच्या कॉलेजचं शिबिर दरवर्षी आठवडाभर आमच्या गावात उतरतं. पोंभुर्ण्यापासून आत, जंगलाला लागून आमचं गाव. गावाकडून शिबिराचं सगळं मी पाहतो, असं शिबिराचे सर सगळ्यांना सांगतात. शाळेच्या खोल्यांची चावी, स्वयंपाकाला बचत गटाच्या बाया, जळण, कोणत्या दिवशी कोणतं काम, सगळं माझ्या नावावर. खरं म्हणजे हे माझी बायको करायची. मी सरांच्या बाजूला खुर्चीवर बसून मान हलवायचो. चौथी शिकलेल्या माणसाला तेवढं जमतं.

ती पोळ्याच्या आधी गेली. थंडीत सरांचा फोन आला, "काका, यंदा जमेल का?" मी जमेल म्हटलं. नाही म्हटलं असतं तर आजवर कोणाच्या जोरावर जमत होतं, ते कबूल करावं लागलं असतं.

माघ सरत आला होता तेव्हा पोरं आली. तिसऱ्या दिवशीचं काम मी दिलं. म्हटलं, गावापासून नाल्यापर्यंत जंगलाची वाट साफ करा, दिसेल तो कचरा उचला. दरवर्षी ती पोरांच्या पुढं चालायची. मी गेलो नाही. गुडघा दुखतो म्हणून सांगितलं. गुडघा दुखत नव्हता. त्या वाटेनं जायचं मनात नव्हतं.

दुपारी पोती भरून पोरं परत आली. एक पोरगी मोठ्या खुशीत म्हणाली, "काका, लोकांनी झाडांनाही किती चिंध्या बांधून ठेवल्या होत्या. एक शिल्लक ठेवली नाही आम्ही."

मी पोतं उलटं केलं.

आमच्याकडे बांधावरचा मोह ज्याचा त्याचा. जंगलातल्या मोहाचं तसं नाही. माघात ज्या घरानं झाडाला चिंधी बांधली, त्या घरानं चैतात त्याच्या खालची फुलं वेचायची. बायांना एकमेकींची लुगडी पाठ असतात. दुसरीची चिंधी दिसली की कोणी त्या झाडाखाली वाकत नाही. कागद नाही का शिक्का नाही, कायदा काय तो चिंधीचा. तो सगळा आता माझ्या पायाशी पडला होता. त्यात हिरव्या लुगड्याच्या पाच चिंध्या होत्या, विटलेल्या, मागच्या सालच्या. तिच्या. यंदा बांधायचं मला सुचलंच नव्हतं. तरी गावातल्या एकाही बाईनं त्या सोडून आपली बांधली नव्हती.

त्या सायंकाळी शाळेत चूल पेटली नाही. स्वयंपाकाच्या बाया हात बांधून उभ्या. एक म्हणाली, "सर, तुमच्या घरावरची पाटी आमी काढून नेली, तर आमाले चहा पाजसान का?"

सर माझ्याकडे पाहू लागले. मी म्हटलं, "पोरांचा दोष नाई. काम मी देल्लं."

"मंग तुमीच बांधा, भाऊ. कोणतं झाड कोणाचं, माहीत तरी हाये का तुमाले?"

माहीत नव्हतं. चैतात झाडाझाडाखाली बाया एकमेकींच्या झिंज्या धरणार, आणि ते माझ्यामुळे, एवढं कळत होतं. शिबिराला गावात पुन्हा कोणी उभं केलं नसतं. तिनं जोडलेलं मी एका दुपारी मोडलं होतं.

त्या पोरीनंच वाट काढली. अहवालात लावायला त्यांनी साफ करायच्या आधीचे फोटो घेतले होते. सकाळी ती मोबाइल धरून पुढं, बाया तिच्या मागं, शेवटी मी पोतं घेऊन. फोटोतलं झाड सापडलं की जिची चिंधी तिनं बांधायची. दुपारपर्यंत बाकीच्यांच्या बांधून झाल्या. हिरव्या मात्र दोनच फोटोंत दिसल्या. तीन माझ्या हातात राहिल्या.

बाया परतल्या. थांबली ती आमची शेजारीण. माझ्या बायकोचं आणि तिचं कित्येक वर्षं बोलणं नव्हतं.

"बायकोचे झाडं माहीत नाई?" ती म्हणाली. "एक दिवस तरी टोपली धरून आले का तिच्यासंगं?"

"नाई आलो."

"तेच म्हणते."

तिनं दोन झाडं दाखवली. मी चिंध्या बांधल्या. गाठ धड बसत नव्हती, तरी तिनं हात पुढं केला नाही, बसेपर्यंत पाहत राहिली. मग मला नाल्याकाठच्या मोठ्या मोहाखाली आणलं.

"हे तिचं का माझं, ते मिटलंच नाई. मी बांधाची, ते सोडाची. ते बांधे, मी सोडो. याच्याच पायी बोलणं तुटलं."

"मंग यंदा तुमी बांधा, बाई."

"मी बांधीन, अन् सोडाले कोण येईन?"

ती वाटेला लागली. पाचवी चिंधी मी खिशात घालून घरी आणली.

चैतात तांबडं फुटायच्या आत मी टोपली घेऊन जाऊ लागलो. चार झाडांखालची फुलं वेचली, कंबर धरून. शेजारीण पलीकडे आपल्या झाडाखाली वाकलेली दिसायची. नाल्याकाठच्या मोहाचा तर सडा पडे. तिकडे ती गेली नाही, मीही नाही. फुलं चितळांनी खाल्ली, उरली ती तिथंच आंबली. तो वास आमच्या दोन्ही घरांत यायचा.

परवा सरांनी फोनवर विचारलं, पुढच्या शिबिराला पोरांना काय काम देऊ. म्हटलं, बायांना विचारून सांगतो.