कक्षेतली कढी

उपग्रह आणि पंगत या दोन विषयांवर एकाच दमात बोलू शकणारा माणूस उभ्या माळव्यात एकच होता, आणि तो नेमका माझ्या बायकोचा काका निघाला. देवासच्या एका कारखान्यात ते नोकरीला होते. काकू फार लवकर गेल्या, तेव्हापासून घर त्यांच्या मुलीनं, शुभानं सांभाळलं. काकांचा जीव मात्र कायम वर, आभाळात अडकलेला. "उपग्रह बिघडतात थोडेच?" ते मला दर भेटीत ऐकवत. "यंत्र ठणठणीत असतं. पोटातलं तेल संपतं, दिशा सांभाळता येत नाही, की लागले मोडीत काढायला. जावईबापू, भात संपला म्हणून आपण पाहुण्याला पानावरून उठवतो का? वाढप्यानं वर जायला हवं." पुढेमागे आभाळात तेलाच्या टाक्या फिरतील आणि चंद्रावर निघालेली यानं तिथं थांबून भरून घेतील, याबद्दल त्यांना तिळमात्र शंका नव्हती. "देवासहून बागची लेणी बघायला जाताना आपण वाटेत धारला पेट्रोल भरतोच ना? सगळं घरूनच कोण वाहून नेतं?" असं म्हणत ते माझ्या स्कूटरच्या टाकीत डोकावत, आणि तेल कमी दिसलं तर मला फाटकातून हलू देत नसत. या तपासणीपायी माझा एक इंटरव्ह्यू बुडाला आहे.

नव्वद-पंच्याण्णवच्या सुमारास शुभाचं लग्न धारच्या एका जुन्या दरबारी घराण्यात ठरलं. व्याह्यांची एकच अट होती, जेवण बफे हवं. पंगत नाही म्हटल्यावर काकांनी तोंडाला कुलूपच घातलं. पण लग्नाच्या दिवशी मांडवात ताटं घेऊन हिंडणारे पाहुणे त्यांनी पाहिले आणि त्यांचा चेहरा उजळला. फिरता पाहुणा म्हणजे साक्षात कक्षेतला उपग्रह. त्यांनी आचाऱ्याच्या हातून कढीची बादली घेतली. "देखो भिया," ते त्याला म्हणाले, "दोनों की चाल एक हो गई, तो समझो दोनों खड़े हैं." आणि पाहुण्यांच्या पावलाला पाऊल जुळवून ते चालत्या ताटातल्या वाटीत कढी ओतू लागले. खोटं कशाला सांगू, बराच वेळ एक थेंबही सांडला नाही. मग व्याह्यांची पाळी आली, तोच त्यांना मागून कुणीतरी हाक मारली आणि ते जागच्या जागी थांबले. काका थांबले नाहीत. सगळी कढी व्याह्यांच्या नव्या कोऱ्या सफारीवर गेली.

शुभाचा चेहरा पांढराफटक पडला, कारण सगळा जन्म तिला त्याच घरात काढायचा होता. "कक्षेत असं मध्येच कोणी थांबत नाही हो," काका पुटपुटले.

"मुलीस हेच शिकवून पाठवता आहात काय?" व्याह्यांनी विचारलं.

काकांचा आवाज एकदम उतरला. "तिला नुसतं वाढता येतं, मागता येत नाही. तेल पोचवणाऱ्या यानातलं तेल कधी संपलं, तिकडे कुणाचं लक्ष जात नाही हो. तेवढं तुम्ही बघा."

कढीचे ओघळ अंगावर तसेच ठेवून व्याही टेबलाशी गेले, एक ताट वाढून घेतलं आणि सकाळपासून उपाशी असलेल्या शुभाच्या हातात दिलं. "आधी जेव, बेटा." मला त्या माणसाच्या पाया पडावंसं वाटलं.

ताट हातात धरून शुभानं विचारलं, "बाबांना कुणी वाढलं का?"

व्याह्यांनी लगेच दुसरं ताट वाढलं खरं, पण काकांनी त्याला हात लावला नाही. देवासच्या घरात हे विचारणारी ती एकटीच होती, आणि मांडवाबाहेर धारची गाडी येऊन उभी राहिली होती.