शून्य मीच म्हणाले

सरांनी आईला वर्गात बोलावलं तेव्हा तिच्या हातात लादी पुसायचं ओलं फडकं होतं. ते दाराशी ठेवून ती आत आली. सर म्हणाले, "मावशी, तो पाण्याचा जार उचला आणि इथं उभ्या राहा."

वीस लिटरचा भरलेला जार. आईने तो छातीशी धरला आणि फळ्यापुढे उभी राहिली. सर आमच्याकडे वळून कार्याची व्याख्या सांगू लागले. बल गुणिले विस्थापन, म्हणजे वस्तू जागची जितकी हलली ते अंतर. सावकाश सांगत होते, घाई कसलीच नव्हती. आईचे हात थरथरायला लागले. कपाळावरचा घाम डोळ्यांत उतरत होता आणि पुसायला हात मोकळा नव्हता. मागच्या बाकावर कोणीतरी हसलं. मग बरेच जण हसले.

सरांनी मला उठवलं. "सांग, इथं उभं राहिल्यापासून मावशींनी जारवर किती कार्य केलं?"

"शून्य, सर."

"का?"

"विस्थापन शून्य आहे."

"व्हेरी गुड. बघा, एवढा घाम गाळला आणि कार्य शून्य. मावशी, ठेवा आता खाली."

उत्तर बरोबर होतं. आजही बरोबरच आहे. शाबासकी मिळाली म्हणून मला बरंसुद्धा वाटलं, क्षणभर. तो क्षण मला अजून छळतो.

ती माझी आई आहे हे वर्गात कोणालाच ठाऊक नव्हतं. सरांना होतं. घाटकोपर पूर्वेला, दुसऱ्या मजल्यावर त्यांचा क्लास. आई तिथं झाडलोट करायची, म्हणून अकरावीला त्यांनी मला घेतलं होतं. पहिल्याच दिवशी जिन्यात मी आईला म्हणाले, "इथं मी तुला मावशी म्हणेन हां. सगळे तेच म्हणतात." ती म्हणाली, "म्हण." हे मला कोणी शिकवलं नव्हतं. माझंच डोकं. बाकीच्या मुलींच्या आया गाडीतून सोडायला यायच्या, आणि माझी बाकांखालचा कचरा काढायची. मला लाज वाटायची. सरळच सांगते, आईची लाज वाटायची.

त्या संध्याकाळी असल्फ्याच्या टेकडीवरच्या आमच्या खोलीत आई भाकऱ्या थापत होती. मध्येच थांबून मनगट चोळत होती. म्हणाली, "तुझं उत्तर बरोबर आलं ना गं?"

"हो."

"मग झालं."

जेवून मी पुस्तक उघडलं. ऊर्जा नाहीशी होत नाही, असं पुढच्याच पानावर छापलेलं होतं. मग आईने दुपारी खाल्लं त्याची ऊर्जा गेली कुठे? मोबाइलवर दहा मिनिटांत सापडलं. वजन नुसतं धरून ठेवायलाही स्नायूंना सारखी ऊर्जा लागते. तिची उष्णता होते, माणसाला घाम फुटतो. सरांना हे ठाऊक नसेल? होतंच. सांगायची गरज वाटली नाही. हिशोब जारचा मांडायचा होता. आई म्हणजे जार ठेवायचा स्टँड. ऊर्जा गेली कुठे, हा प्रश्न मी वर्गात उभी असताना विचारायला हवा होता. मी व्हेरी गुड घेऊन खाली बसले होते.

पुढचा तास शक्तीचा होता, म्हणजे कार्य किती वेळात होतं त्याचा. सरांनी मोबाइलवर स्टॉपवॉच लावलं. "मावशी, खाली जा आणि दोन मजले पळत वर या. किती सेकंद लागतात बघू." पोरं आधीच हसायला लागली. आईचा गुडघा सुजलेला होता, सकाळीच मी त्याला तेल चोळलं होतं. ती दारात उभी राहून पदर खोचू लागली. ती खरंच पळणार होती.

मी उठले. "सर, ती पळणार नाही. ती माझी आई आहे."

"अगं, साधं उदाहरण आहे. एवढं काय मनाला लावून घेतेस?"

"मग तुम्ही पळा. मी वेळ लावते."

कोणी हसलं नाही. सर म्हणाले, "बाहेर हो." मी दप्तर उचललं आणि आईचा हात धरला. तिने तो सोडवून घेतला. आधी फडकं पिळून बादलीच्या काठावर पसरलं, मग निघाली.

जिन्यात म्हणाली, "माझं काम गेलं नि तुझा क्लास पण गेला. बरं वाटलं?"

"ते तुला हसत होते, आई."

"मला कळत नाही काय कोण हसतंय ते?" ती कठडा धरून एकेक पायरी उतरत होती. "शून्य म्हणालीस त्याचं मला काही वाटलं नाही. ते शिकायलाच आली होतीस तू. पण मावशी म्हणायचीस ना, ते लागायचं. रोज."

मी दप्तर दुसऱ्या खांद्यावर घेतलं आणि तिच्या बरोबरीने एकेक पायरी उतरले.

आता मी मुलुंडला कॉलेजात फिजिक्स शिकते. आई विक्रोळीच्या एका ऑफिसात साफसफाईला जाते. मी तिला सगळ्यांसमोर आई म्हणते, जरा जास्तच मोठ्याने म्हणते. तो विषय आमच्यात निघत नाही. सरांना दोष देणं सोपं आहे आणि तो मी देतेच. पण सरांनी तिला एकदा उभं केलं. मी तिला सहा महिने परकं केलं.

माफी मागितली तर आई लगेच देईल, भाकरी वाढावी तशी. म्हणूनच मागत नाही. मिळाली की मी मोकळी होईन, आणि मला मोकळं व्हायचं नाही. यापुढे माझ्यासमोर कोणी कुठल्याही माणसाला वस्तूसारखं उभं केलं, तर मी त्याच तासाला उठणार. बाहेर काढलं तरी चालेल. दुसऱ्या तासाची वाट मी बघणार नाही.