फाटकाशी बसणारे डोमाजी

डोमाजी बैलाच्या कानात बोलत. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं, गोचीड काढताहेत. गोठ्यात ते एका पांढऱ्या बैलाच्या मानेशी वाकले होते, एक हात शिंगाच्या मुळाशी, ओठ जवळजवळ कानाला टेकलेले. बैल मारका म्हणून गावात प्रसिद्ध होता. मालक स्वतः दाराबाहेर उभा राहून काठी सांभाळत होता. पण त्या बैलानं शेपटीसुद्धा हलवली नाही. मिटल्या डोळ्यांनी तो ऐकत होता, आणि ऐकून झाल्यावर त्यानं जो एक लांब श्वास सोडला तो मला आजही आठवतो. मग डोमाजींनी त्याच्या कानात पितळी बिल्ला अडकवला आणि आम्ही पुढच्या घरी गेलो.

तेव्हा वऱ्हाड मध्यप्रांताला जोडलेलं होतं. मी अमरावतीहून नुकताच नोकरीसाठी अकोल्याला आलो होतो. जठारपेठेत दोन खोल्यांत एका मंडळीचं, म्हणजे कंपनीचं, कचेरीवजा दुकान होतं. गाई, बैल, म्हशी यांचा विमा उतरवायचा, जनावर मेलं तर मालकाला भरपाई द्यायची, असा तो नवाच धंदा होता. मी तिथं कारकून आणि डोमाजी तपासनीस. जनावराचे दात पाहायचे, खूर पाहायचे, बिल्ला लावायचा आणि मेलं तर जाऊन तो बिल्ला परत आणायचा, हे त्यांचं काम. वय पन्नाशीच्या पुढे, अंग काटक, डोक्याला मळकट पांढरा पटका. बायको केव्हाच गेली होती, मूलबाळ नव्हतं. जठारपेठेतच पुतण्याच्या घरी एका खोलीत ते राहत.

कानात काय सांगता, असं मी त्यांना एकदा विचारलं. ते म्हणाले, "सारं सांगतो. तू मेला तं तुह्या मालकाले पैसे भेटतीन, पन म्हनून मरू नको. इमा मालकाचा नसते, बाबू. इमा ढोराचा असते. ज्याच्या मरनाची गोठ करून राहिलो, त्याले इचाराले नको का?"

विमा उतरवावा की नाही, याबद्दल लोकांची मतं ऐकायची तर आमच्याबरोबर हिंडायला हवं होतं. एकाचे बैल चार वर्षं ठणठणीत राहिले, तेव्हा तो आपले पैसे पाण्यात गेले म्हणून कचेरीत भांडायला आला. डोमाजींनी त्याला शांतपणे विचारलं, "बैल जिता राह्यला म्हनून रडून राहिला का तू?" तिवश्याकडच्या एका माणसाची म्हैस गेली. त्याला भरपाई मिळाली, अगदी वेळेवर मिळाली. पण तो पैसे हातात घेऊन आमच्या उंबऱ्यावर अर्धा दिवस बसून राहिला. घरी गेलं की दूध काढायच्या वेळी हात आपोआप बादलीकडे जातो, त्याचं काय करू, असं तो विचारत होता. मी वहीत तोंड घातलं. डोमाजी मात्र त्याच्याजवळ जाऊन बसले.

एका गावात तर आम्हाला शिरूच दिलं नाही. बिल्ला लावला की मरणाला घर सापडतं, अशी तिथं बोलवा होती. एकाच गल्लीतली तीन बिल्ल्याची जनावरं महिन्याभरात दगावली होती. डोमाजी वेशीवरून परत फिरले. वाटेत म्हणाले, "मरनाले बिल्ला लागत नाई. पन लोकायचं भेव खोटं नाई."

अकोटला गिरजामायकडे आम्ही गेलो तो दिवस त्यानंतरचाच. गिरजामाय जातीची माळीण. गावाबाहेर रस्त्याच्या कडेला तिचा मळा होता. वांगी, मेथी, थोडी केळी आणि दोन ताटवे झेंडू. नवरा गेला, मागून तापात एकुलता एक लेक गेला. विहिरीवर मोट ओढायला एक बैलजोडी होती, तिच्यासाठी आम्हाला बोलावलं होतं. पण डोमाजी गोठ्याकडे वळले तशी ती म्हणाली, बैलांचं राहू द्या, मला ह्याचा विमा उतरवायचा आहे. 'हा' म्हणजे फाटकाशी बसलेला भुऱ्या नावाचा कुत्रा. लेकानं पिल्लू असताना आणलेला, राखी रंगाचा, एक कान फाटलेला.

मी तिला नियम समजावून सांगितला. कुत्र्याचा विमा आमच्याकडे नाही, कुठेच नाही. तिनं माझं सगळं ऐकून घेतलं आणि डोमाजींकडे वळून म्हणाली, "बैल मेला तं बाजारात बैल भेटते. हा मेला तं फाटकाशी कोन बसन? हा बसते म्हनून मले डोळा लागते."

डोमाजी भुऱ्यापाशी गेले आणि समोर उकिडवे बसले. तो कुत्रा परक्याला फाटकाला हात लावू देत नसे, आम्ही आलो तेव्हा गिरजामायला त्याला गळ्याशी धरावं लागलं होतं. आता तो नुसता बघत राहिला. डोमाजींनी त्याच्या फाटक्या कानाशी तोंड नेलं. या वेळी बोलणं फार वेळ चाललं. एकदा मला असं वाटलं की ते थांबले आहेत आणि ऐकताहेत.

उठून त्यांनी विचारलं, "माय, हा गेल्यावर तुले काय पाहिजे?"

"पैसा नको बापा. फाटकाशी कोनी बसलं पाहिजे."

"बसीन," डोमाजी म्हणाले.

हप्ता म्हणून तिनं ओंजळभर झेंडू दिला. फेरी असेल तेव्हा तेवढाच द्यायचा असं ठरलं. परत येताना मी हसून म्हटलं की बुढीला बरं समजावलंत. ते माझ्याकडे असे पाहू लागले की मी हसू आवरलं.

पुढे दोन-अडीच वर्षांनी जनावरांत बुळकांडीची साथ आली. गोठेच्या गोठे रिकामे झाले आणि आमची मंडळी त्या भरपाईच्या ओझ्याखाली बसली. जमेल तेवढं देऊन तिनं दार लावलं. मला अकोटच्या एका कापसाच्या जिनिंगमध्ये कारकुनी मिळाली. माझी खोली गिरजामायच्या मळ्याच्या वाटेवर होती, भाजी मी तिच्याकडूनच घेई. डोमाजी अकोल्यात घरीच बसून असत, असं कळे.

एका सकाळी भुऱ्या मेला. आजार नाही, काही नाही. फाटकाशी बसल्या जागी मान टाकली. मला दुपारी जिनात कळलं. संध्याकाळी डोमाजींना पत्र टाकावं असं मनाशी म्हणत मी मळ्याकडे गेलो, तर फाटकाशी डोमाजी बसले होते. शेजारी एक बोचकं. नुकतीच अकोल्याची सर्व्हिस मोटार येऊन गेली होती.

मी विचारलं, तुम्हाला कुणी सांगितलं? अकोल्याला निरोप जायला दुसरा दिवस उजाडला असता.

ते म्हणाले, "सांगाले कोन पाहिजे? इमा माह्या हाताचा होता."

गिरजामायला नवल वाटलेलं दिसलं नाही. तिनं केळीच्या पानावर भाकरी आणि पिठलं आणून त्यांच्यापुढे ठेवलं आणि आत निघून गेली. ती तशीच रोज ठेवू लागली. डोमाजींनी फाटकाजवळ चार बांबू रोवून वर पाचोळ्याचं छप्पर घातलं. दिवसा ते मळ्यात मोट हाकत, निंदायला बसत. दिवस कलला की फाटकाशी येत आणि पाठ ताठ करून रस्त्याकडे तोंड करून बसत.

लोक आधी हसले. बुढीनं माणूस पाळला, असं बाजारात बोलत. मग हसणं कमी झालं. त्याचं कारण मी स्वतः पाहिलं म्हणून सांगतो.

एकदा तिन्हीसांजेला मी त्यांच्याजवळ गप्पा मारत बसलो होतो. ते जुन्या मंडळीतल्या कुणा मालकाची गोष्ट सांगत होते. बोलता बोलता मध्येच थांबले आणि मान एका बाजूला कलती करून रस्त्याकडे पाहू लागले. रस्ता रिकामा होता. मला तर कसलाही आवाज आला नाही. बऱ्याच वेळानं वळणावरून एक माणूस येताना दिसला, आमच्याच जिनातला एक हमाल. फाटकाच्या समोर येण्याआधीच तो रस्त्याच्या पलीकडच्या कडेला गेला. हातातली काठी त्यानं खाली झुकवून पायाजवळ आडवी धरली आणि नजर आमच्या दिशेला ठेवून तो जपून पाऊल टाकत पुढे सरकला. डोमाजी जागचे हलले नव्हते. दुसऱ्या दिवशी तो हमाल मला म्हणाला, "माळनीनं नवा कुत्रा पाळला का, बाबू? लय मोठा हाय. भुंकत नाई, नुसता पाह्यते."

संध्याकाळी मला डोमाजींना विचारल्यावाचून राहवलं नाही. तुम्ही एकटे इथं बसता, तुम्हाला भीती वाटत नाही का?

"एकटा कुठी बसून राहिलो?" ते म्हणाले आणि भाकरीचा तुकडा मोडून त्यांनी पानाच्या कडेला ठेवला. मी पुन्हा कधी विचारलं नाही. मात्र त्यानंतर त्यांच्या डाव्या बाजूला बसायचं मी टाळू लागलो. तिथं जमिनीवर एक गुळगुळीत खळगा पडला होता, आणि एकदा सहज हात टेकला तर थंडीच्या दिवसांत ती माती उबदार लागली होती.

पहिल्याच उन्हाळ्यात पुतण्या त्यांना न्यायला आला. तो भला माणूस होता, दुकानात नोकरी करणारा, चार लोकांत मान असलेला. चुलत्यानं परक्या बाईच्या फाटकाशी पानावर जेवावं, याची त्याला लाज वाटत होती. काही करणी केली आहे, असं तो गिरजामायच्या तोंडावर म्हणाला. ती रागावली नाही. म्या त्याले बांधलं नाई, एवढंच म्हणाली. मग डोमाजींसमोर येऊन उभी राहिली.

"जाय बापा घरी. लय झालं. फिटलं तुहं."

डोमाजींनी तिच्याकडे मान वर करून पाहिलं. "तुले डोळा लागते का, माय?"

ती पदरानं तोंड पुसत म्हणाली, "लागते."

"मंग काहून जाऊ?"

पुतण्या एकटाच परत गेला. जाताना मला म्हणाला की तुम्ही शिकलेले आहात, तुम्ही तरी समजवा. मी मान डोलावली. पण समजवायचं काय, हे मला कळत नव्हतं. वयानं झुकलेली एक बाई निवांत झोपत होती, तिच्या मळ्यातलं एक वांगंही चोरीला जात नव्हतं, आणि दोन खोल्यांच्या घरात अडगळीसारखा पडलेला माणूस इथं ताठ बसत होता. त्यात वाईट ते काय? तरी रोज त्या फाटकावरून जाताना माझं पाऊल आपोआप हळू होई, हेही खरं.

तीन वर्षं हे चाललं. चौथ्या वर्षी पोळा झाल्यावर गिरजामाय गेली. भर दुपारी, खाटेवर, झोपेतच. तिच्या माहेरकडचे लोक आले, त्यांनी मळा ताब्यात घेतला. डोमाजींना ते जा म्हणाले नाहीत. तेराव्यापर्यंत डोमाजी बसले आणि मग आपलं बोचकं घेऊन जिनाच्या दारात आले. जातो म्हणाले. मी त्यांना मोटारीपर्यंत पोचवायला गेलो. मोटार भरली होती, तरी त्यांच्या डाव्या बाजूची जागा रिकामी राहिली. लोक उभे राहिले, पण तिथं कुणी बसलं नाही.

दिवाळी होऊन गेली आणि एक दिवस पुतण्याचं कार्ड आलं. काका वारले. मी रविवारी अकोल्याला गेलो. पुतण्या मला मोटार-तळावरच भेटला, मुद्दाम न्यायला आला होता. दाढी वाढलेली, चेहरा उतरलेला. चालता चालता तो हलक्या आवाजात सांगू लागला. घरी परतल्यापासून काका दारातल्या ओट्यावरच पडून असत. शेवटचे दोन दिवस त्यांना शुद्ध नव्हती. जाऊन नऊ दिवस झाले, पण भेटायला येणारं कुणी आत येत नाही. शेजारी येतात, नातेवाईक येतात, ओट्याखाली थबकतात आणि आधी कुत्रा बांधा म्हणतात. कालच भाजीवाली तशीच परत गेली.

"आमच्याकडे कुत्रा नाही," तो म्हणाला. "कधीच नव्हता. तुम्ही अकोटात होता. तुम्हाला काही माहीत आहे का?"

आम्ही घराशी पोचलो होतो. पुतण्या मागे थांबला. ओटा शेणानं सारवलेला, स्वच्छ आणि पूर्ण रिकामा होता. मी चपला काढल्या, पायरीपाशी थोडा वेळ उभा राहिलो आणि हात खाली सोडून, तळवा उघडा ठेवून एक पाऊल टाकलं. बोटांना काहीतरी गार आणि ओलसर असं निमिषभर लागलं. मग वाट मोकळी झाल्यासारखं वाटलं आणि मी आत गेलो.